ताप आला सुनेला, सासरे ठणठणीत: मग लस लागू पडली कोणाला?

फोंड्याच्या एका ताईंनी विचारलंय, प्रश्न थोडक्यात असा. मे महिन्यात त्यांच्या घरी चौघांनी एकाच दिवशी, एकाच कंपनीची फ्लूची लस घेतली. ताई ३८ वर्षांच्या, सासरे ७४, सासूबाई ६३ आणि मुलगा ७ वर्षांचा. रात्री ताईंना १०१ ताप, अंग ठेचल्यासारखं, दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी. सासूबाईंचा दंड दुखला, तेवढंच. मुलगा संध्याकाळी फुटबॉल खेळायला गेला. आणि सासऱ्यांना काही म्हणजे काहीच नाही, ते सकाळी उठून मासळी बाजारात. आता घरात वाद चाललाय. सासरे म्हणतात माझी इम्युनिटी दणकट म्हणून काही झालं नाही, ताई म्हणतात माझी वीक म्हणून मी आडवी पडले, आणि नवऱ्याला वाटतं बाबांना लस लागलीच नाही, त्यांना अजून एक डोस देऊया.

तिघांचंही चुकतंय, पण प्रत्येकाच्या हाताला खऱ्याचा थोडा थोडा तुकडा लागलाय म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी डिचोलीला २६ वर्षं फिजिशियन म्हणून बसतो, मोठ्या माणसांच्या लसी हा माझा रोजचा विषय, आणि "डॉक्टर, ताप नाही आला म्हणजे लस पाण्याची होती काय?" हा प्रश्न कोविडच्या वेळी मी इतक्यांदा ऐकलाय की तो ऐकला की हसू येतं.

आधी ताप. लस टोचली की पहिल्या काही तासांत जागी होते ती शरीराची जन्मजात, ढोबळ प्रतिकारशक्ती, कोणीतरी परकं आत शिरलंय एवढंच तिला कळतं आणि ती आरडाओरडा करते. त्या आरडाओरड्याची जी केमिकल्स सुटतात त्यांनी ताप, अंगदुखी, थंडी वाजणं होतं. खरं काम, म्हणजे त्या विशिष्ट व्हायरसला ओळखून अँटीबॉडी बनवणं आणि आठवण ठेवणाऱ्या पेशी तयार करणं, ते पुढचे दोन आठवडे गुपचूप चालतं, त्याचा तुम्हाला पत्ताही लागत नाही. दोन्हींचा संबंध आहे पण सैल आहे. हजारो लोकांची सरासरी काढली तर जास्त त्रास झालेल्यांच्या अँटीबॉडी कधी कधी थोड्या जास्त दिसतात, पण एका माणसाच्या तापावरून त्याला लस लागू पडली की नाही हे सांगता येत नाही. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच दंडात गेलेलं आहे. कोविशील्ड ज्या ऑक्सफर्डच्या लसीवरून बनली, तिची २०२० मध्ये ५६० लोकांवर चाचणी झाली होती, १८ ते ५५, ५६ ते ६९ आणि ७० च्या वरचे असे तीन गट करून. वय वाढलं तसा ताप-अंगदुखीचा त्रास कमी झाला, पण दुसऱ्या डोसनंतर अँटीबॉडी तिन्ही गटांत जवळजवळ सारख्याच आल्या. म्हणजे आजोबांचा दंड शांत होता, आत काम चालूच होतं.

इथे एक गोष्ट सासऱ्यांसाठी म्हणून सांगतो, कारण ती लसीपेक्षा महत्त्वाची आहे. वयस्कर माणसाला ताप येणं ही यंत्रणाच मंदावलेली असते. ७५ च्या माणसाला न्यूमोनिया झाला तरी कधी कधी थर्मामीटर ९९ च्या वर जात नाही, तो फक्त जेवत नाही, चालताना तोल जातो, संध्याकाळी काहीतरी असंबद्ध बोलतो. घरचे म्हणतात ताप नाही म्हणजे काही सीरियस नाही आणि चार दिवस घरी काढतात. तेव्हा "मला ताप येत नाही" हे दणकटपणाचं सर्टिफिकेट नव्हे. उलट सावध राहायची गोष्ट आहे.

आता वयाने नेमकं काय होतं ते. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, टी-सेल्स नावाच्या पेशी तिथे शिकून तयार होतात. ही शाळा लहानपणी गच्च भरलेली असते, वयात आल्यापासून ती आक्रसायला लागते आणि साठी येईपर्यंत तिथे बहुतेक चरबीच उरते. आपल्या गावातल्या सरकारी मराठी शाळेसारखं, इमारत आहे, पाटी आहे, पण पट नाही. नवीन टी-सेल्सची भरती थांबते आणि माणूस जुन्या अनुभवी पेशींवर दिवस काढतो. बी-सेल्स, म्हणजे अँटीबॉडी बनवणारे, त्यांचंही तसंच, टी-सेल्सची मदत कमी मिळाली की त्यांच्या अँटीबॉडी संख्येनेही कमी आणि नेम धरायलाही कच्च्या. भर म्हणून म्हातारपणी शरीरात सतत बारीक धग असते, कसला संसर्ग नसतानाही दाह चालूच, आणि ज्या घरात कायम कुरकुर चालू असते तिथे खरी हाक कोणी मनावर घेत नाही तसं काहीसं होतं.

पण म्हाताऱ्यांची बाजू घेऊन एक सांगायलाच हवं. जुन्या आठवणी पक्क्या असतात. २००९ ला स्वाइन फ्लू आला तेव्हा साठी ओलांडलेल्यांना तो तरुणांच्या मानाने कमी झाला, कारण १९५७ च्या आधी फिरणाऱ्या त्याच कुळातल्या फ्लूशी त्यांची लहानपणीच गाठ पडली होती. पन्नास वर्षांनीसुद्धा शरीर विसरलं नव्हतं. अडचण येते ती नवीन काही शिकवायला. म्हणून जी लस जुन्या ओळखीला उजाळा देते ती वयस्करांमध्ये बरी चालते आणि जी अगदी नवी ओळख करून देते ती अडखळते.

लस बनवणाऱ्यांनी यावर दोन उपाय काढले. एक, माल जास्त घालायचा. साध्या फ्लूच्या लसीत प्रत्येक स्ट्रेनचे १५ मायक्रोग्रॅम असतात, ६५ च्या वरच्यांसाठी ६० वाली हाय-डोस लस आहे, अमेरिकेत २००९ पासून. मोठ्या चाचणीत साध्या डोसपेक्षा तिने फ्लूच्या केसेस साधारण २४ टक्क्यांनी कमी केल्या. दुसरा उपाय म्हणजे लसीत अ‍ॅडजुव्हंट घालायचा, झोपलेल्या प्रतिकारशक्तीला ढोसून उठवणारा पदार्थ. याचा सगळ्यात झणझणीत नमुना म्हणजे नागिणीची नवी लस, शिंग्रिक्स. नागीण म्हणजे लहानपणच्या कांजण्यांचाच व्हायरस, नसांच्या मुळाशी दडून बसलेला, टी-सेल्सचा पहारा ढिला पडला की वर येतो, म्हणून ती म्हातारपणी जास्त होते (आणि कमरेला वेढा पूर्ण झाला की माणूस मरतो हे खोटं आहे, दर वर्षी कोणीतरी घाबरून येतंच). तिची जुनी जिवंत लस (म्हणजे कमजोर केलेला जिवंत व्हायरस असलेली) एकंदर ५१ टक्के काम करायची आणि सत्तरीनंतर ३८ टक्क्यांवर यायची, म्हणजे ज्यांना गरज जास्त त्यांनाच कमी फायदा. नव्या लसीत चिलीतल्या एका झाडाच्या सालीतला फेस येणारा पदार्थ असतो, आपला रिठा आठवा, आणि एका बॅक्टेरियाच्या भिंतीतला चरबीचा निरुपद्रवी केलेला अंश. तिचा परिणाम पन्नाशीनंतर ९७ टक्के आणि सत्तरीनंतरही ९० च्या आसपास. माझ्या मते लसशास्त्रात गेल्या वीस वर्षांत वयाच्या प्रश्नावर एवढं सणसणीत उत्तर दुसरं मिळालेलं नाही. दंड मात्र चांगलाच दुखतो, आणि दोन डोसांचा खर्च खिशालाही दुखतो, आपल्याकडे ती २०२३ पासून मिळते.

आता ताईंकडे येऊ. "माझी वीक म्हणून मी आडवी पडले" हे अगदी उलटं आहे. २००४ साली अमेरिकेत फ्लूच्या लसीचा तुटवडा पडला तेव्हा हजारभर लोकांवर एक प्रयोग झाला, अर्ध्यांना पूर्ण डोस, अर्ध्यांना अर्धा. २००८ मध्ये निकाल छापून आला तेव्हा सगळ्यात बोलकी गोष्ट ही होती की अर्ध्या डोसवर बायकांच्या ज्या अँटीबॉडी आल्या त्या पूर्ण डोस घेतलेल्या पुरुषांच्या तोडीच्या होत्या. फ्लूच नाही, हिपॅटायटिस बी आणि इतर बऱ्याच लसींमध्ये बायकांचा प्रतिसाद सरासरीने तगडा आणि त्रासही जास्त. यावर कोणी म्हणेल की बायका सांगतात आणि आपले पुरुष "कांयच ना डॉक्टर" म्हणून निघून जातात. थोडंफार ते आहेच, मी रोज बघतो, पण प्रयोगशाळेत मादी उंदरांच्या अँटीबॉडीही नरांपेक्षा जास्त निघतात आणि उंदीर काही डॉक्टरकडे तक्रार घेऊन जात नाही.

कारणं दोन पातळ्यांवर आहेत. एक गुणसूत्रांची. प्रतिकारशक्तीची बरीच जीन्स एक्स गुणसूत्रावर बसलेली आहेत, बाईकडे दोन एक्स, पुरुषाकडे एक. दोनपैकी एक एक्स प्रत्येक पेशीत बंद केलेला असतो खरा, पण बंद दुकानाच्या मागच्या दाराने थोडा माल जातोच, तशी काही जीन्स चालूच राहतात. व्हायरसचा आरएनए ओळखणारं टीएलआर-७ हे त्यातलंच एक, काही पेशींत त्याचा डबल पुरवठा होतो. दुसरी पातळी हार्मोन्सची. इस्ट्रोजेन अँटीबॉडी बनवणाऱ्यांना चढ देतं आणि टेस्टोस्टेरॉन दाबतं. २०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी दाखवलं की फ्लूच्या लसीला सगळ्यात मंद प्रतिसाद देणारे पुरुष म्हणजे ज्यांचं टेस्टोस्टेरॉन जास्त ते. हे मी एकदा क्लिनिकमध्ये एका जिमवाल्या पोराला सांगितलं तर तो दुखावलाच. (यावरून टेस्टोस्टेरॉन कमी करायची गोळी वगैरे काढू नका, तसं काही नाहीये.)

मग पाळी गेली की काय? फरक कमी होतो. सासूबाई ६३ च्या आहेत, इस्ट्रोजेन उतरलेलं, वयही आलेलं, म्हणून त्या बरोबर मधे पडल्या, फक्त दंड दुखला. पूर्ण मिटतो असं मात्र नाही, फ्लूला वयस्कर बायका बऱ्याचदा पुढेच असतात, उलट टिटॅनस, डिप्थेरिया किंवा न्यूमोकॉकल (न्यूमोनियाच्या एका जंतूवरच्या) लसीला काही अभ्यासांत वयस्कर पुरुषांच्या अँटीबॉडी जास्त दिसल्यात. म्हणजे "बायकांना लस जास्त लागते" हे सरसकट वाक्य ठोकू नये, कुठली लस, कुठलं वय, हे विचारल्याशिवाय तर नाहीच.

आणि या तगडेपणाची किंमतही बायकाच मोजतात. प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचे जे आजार आहेत, ल्युपस, संधिवात, थायरॉइडचा हाशिमोटो, त्यांचे दहातले आठ पेशंट बायका असतात. धारदार सुरी आहे, भाजीही बारीक चिरते आणि बोटही कापते.

माझीच गोष्ट सांगतो. हिपॅटायटिस बीची लस मी डॉक्टर असून फार उशिरा घेतली, ४३ व्या वर्षी, तीही एकदा वापरलेली सुई बोटाला टोचल्यावर घाबरून. माझ्याबरोबर आमच्या सिस्टरनेही कोर्स पूर्ण केला, ती २४ ची. ०, १ आणि ६ महिने असे तीन डोस, शेवटच्या डोसनंतर दीड महिन्याने टायटर, म्हणजे रक्तात अँटीबॉडी किती झाल्या त्याची मोजणी. १० च्या वर आला की पास. तिचा आला १००० च्या वर, मशीनने पुढे मोजलंच नाही. माझा आला ४. नापास! मग पुस्तक उघडून नापास होणाऱ्यांची लक्षणं वाचली: पुरुष, चाळिशी ओलांडलेला, वजन जास्त, सिगारेट ओढणारा. आरशात बघून लिहिल्यासारखं (सिगारेट तेव्हा होती, आता नाही). वर पहिले दोन डोस एका सहकारी मित्राने कमरेत ठोकले होते, तिथे चरबीत लस अडकून बसते, ती दंडातच द्यायला हवी, हे दोघांनाही माहीत असून घाईत झालं. परत तीन डोस घेतले, दंडात, तेव्हा ८६ आला. तेव्हापासून कोणी तरुण पोरगा कामाला लागला की मी पहिल्याच आठवड्यात विचारतो, बाबा तुझे तीन डोस झालेत का. विशीत घेतली की शंभरात नव्वदहून जास्त पास होतात, साठीत पंचाहत्तरच्या आसपास. ज्याला एक ना एक दिवस सुई लागणारच आहे त्याने चाळिशीची वाट का बघायची.

हे सगळं माहीत असून बायकांना वेगळा डोस, पुरुषांना वेगळा असं का नाही, हा प्रश्न मला एका कॉलेजच्या मुलीने विचारला होता आणि प्रश्न रास्त आहे. वयाप्रमाणे आपण डोस बदलतो. हिपॅटायटिस बी लहानांना १० मायक्रोग्रॅम, मोठ्यांना २०, फ्लूचं वर सांगितलं. पण बाई-पुरुष म्हणून कुठल्याच नेहमीच्या लसीचा डोस वेगळा नाही. एक कारण प्रामाणिक आहे: अँटीबॉडी जास्त म्हणजे आजार तेवढाच कमी असं सरळ गणित नसतं आणि अर्ध्या डोसवर बायका प्रत्यक्ष फ्लूपासून किती वाचतात हे त्या प्रयोगाने ठरवलेलं नव्हतं. दुसरं कारण लाजिरवाणं. १९७७ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने मूल होऊ शकणाऱ्या बायकांना सुरुवातीच्या औषध-चाचण्यांतून बाहेर ठेवायचा नियम केला, तो उठला १९९३ मध्ये. तेवढी वर्षं पुरुषाचं शरीर हेच माप. आजही चाचणीत बायका घेतात पण निकाल वेगवेगळे मांडायचा कंटाळा करतात.

वेगळे न बघितल्याने काय होऊ शकतं ते गोवराच्या लसीने शिकवलंय. ९ महिन्यांच्या आधीच बाळांना गोवरापासून वाचवावं म्हणून १९८० च्या दशकाअखेरीस नेहमीपेक्षा कितीतरी पट जास्त व्हायरस असलेली हाय-टायटर लस चार-सहा महिन्यांच्या बाळांना देऊन पाहिली. अँटीबॉडी छान आल्या, सगळे खूश, शिफारसही झाली. नंतर गिनी-बिसाऊ, सेनेगल, हैती इथून लक्षात यायला लागलं की ती लस घेतलेल्या मुलींमध्ये पुढच्या काही वर्षांत मृत्यू जास्त आहेत, मुलांमध्ये तसं नाही. मुलगे-मुली एकत्र मोजले असते तर हे बुडून गेलं असतं. १९९२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती शिफारस मागे घेतली. घाबरू नका, आज ९ महिन्यांना मिळते ती साधी टायटरची लस आहे, कोट्यवधी जीव वाचवलेली, तिचा या भानगडीशी संबंध नाही.

कोविडमध्येही वय आणि लिंग दोन्ही समोर आले, फक्त लोकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर त्याची खिचडी केली. एमआरएनए लसींनंतर, म्हणजे फायझर-मॉडर्ना, हृदयाच्या स्नायूला सूज येण्याच्या ज्या मोजक्या केसेस झाल्या त्या बहुतेक तरुण पुरुषांत, जास्त करून दुसऱ्या डोसनंतर. पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात स्विंडनला गेलेल्या आपल्या पोरांच्या आया मला इथून फोन करून विचारायच्या. तीव्र अ‍ॅलर्जीचं बरोबर उलटं, अमेरिकेत फायझरच्या सुरुवातीच्या १९ लाख डोसांत २१ जणांना झाली, त्यातल्या नव्वद टक्के बायका. लस घेऊन अर्धा तास बसायला सांगतात ते उगीच नाही. आणि अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या रक्ताच्या गुठळ्या (हीच ती ऑक्सफर्डची लस), त्या आधी तरुण बायकांनाच होतात असं वाटलं होतं, पण युरोपात पहिले डोस मिळालेल्या नर्सेस, शिक्षिका याच जास्त होत्या, ज्यांना लस जास्त त्यांच्यातच केसेस जास्त दिसणार. पुढे आकडे वाढले तसा बाई-पुरुष फरक बराच फिका पडला, वयाचा फरक मात्र टिकला, म्हणून ब्रिटनने २०२१ च्या एप्रिलमध्ये तिशीच्या आतल्यांना आणि मे मध्ये चाळिशीच्या आतल्यांना दुसरी लस देऊ केली. पाळीची तारीख पुढे गेली असं बायका सांगत होत्या तेव्हा बऱ्याच डॉक्टरांनी टेन्शन म्हणून उडवून लावलं, मीही त्यात होतो, कबूल करतो. नंतर अमेरिकेत जवळपास ४००० जणींच्या नोंदी तपासल्या तर खरंच सायकल लांबली होती, सरासरी एका दिवसाहून कमी, आणि लगेच पूर्ववत. म्हणजे घाबरण्यासारखं काही नव्हतं, पण बायका खोटं बोलत नव्हत्या.

लहान मुलांचं थोडक्यात, कारण तो बालरोगतज्ज्ञांचा प्रांत. तुमच्या ७ वर्षांच्या मुलाने फ्लूची लस पहिल्यांदाच घेतली असेल तर त्याला ४ आठवड्यांनी दुसरा डोस लागतो, ९ वर्षांच्या आत हा नियम आहे, कारण त्याच्या शरीराला फ्लूची ओळखच कमी, पहिला डोस नमस्कार करतो, दुसरा पक्की ओळख करून देतो. सासऱ्यांना एक पुरतो तो त्यांनी सत्तर वर्षांत बरेच फ्लू पाहिलेत म्हणून. तान्ह्या बाळांची भानगड अजून वेगळी, आईकडून नाळेतून आलेल्या अँटीबॉडी बाळाला राखतात पण जिवंत लसीलाही मारून टाकतात, म्हणून गोवर-रुबेला ९ महिन्यांपर्यंत थांबवतात. त्याच कारणाने गरोदरपणी आईने फ्लूची लस घेतली तर पहिले सहा महिने बाळालाही फायदा. आणि वयात येताना प्रतिसाद किती जोरदार असतो ते एचपीव्हीच्या, म्हणजे गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरवरच्या लसीत दिसतं, ९ ते १४ वयात दोन डोस पुरतात, पंधरानंतर तीन लागायचे. आता जागतिक आरोग्य संघटना वीस वर्षांपर्यंत एक किंवा दोन डोसही चालतील म्हणते. घरात त्या वयाची पुतणी-भाची असेल तर लग्नाची वाट बघू नका.

आता गोव्याला लागू पडणाऱ्या दोन-तीन गोष्टी. वय आणि लिंग आपल्या हातात नाही पण साखर आहे. २०२३ मध्ये छापलेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के. बेताल शुगर आणि सुटलेलं पोट लसीचा प्रतिसाद वय वाढल्यासारखाच खाली आणतात, त्यामुळे आमच्याकडे पन्नाशीचा माणूस कधी कधी सत्तरीचा प्रतिसाद देतो. दुसरी, तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्या लोकांची पिवळ्या तापाची लस. वास्कोला जाऊन टोचून येतात, दहा दिवसांनी कार्ड लागू होतं आणि २०१६ पासून ते जन्मभर चालतं. पण ती जिवंत लस आहे आणि साठीनंतर पहिल्यांदा घेणाऱ्याला गंभीर त्रासाची शक्यता वाढते, थायमस काढलेल्याला तर देतच नाहीत. तेव्हा रिटायर होऊन आफ्रिकेत फिरायला निघालेल्यांनी आधी डॉक्टरशी बोलावं. तिसरी, कुत्रा चावला तर यातलं काहीही मनात आणू नका. रेबीजच्या लसीचा डोस तान्ह्या बाळाला आणि ऐंशीच्या आजीला एकच, बाई-पुरुष एकच, आणि उशीर कोणालाच परवडत नाही.

तर ताईंच्या घराचं. सासऱ्यांना तीच लस परत देऊ नका, महिन्याने तोच डोस पुन्हा दिल्याने वयस्करांमध्ये फारसा फायदा दिसलेला नाही. हाय-डोसवाली मिळाली तर पुढच्या वर्षी ती बघा, माझ्या फ्रीजमध्ये तरी साधीच असते, आणि साधी मिळाली तरी घ्यायचीच, कारण फ्लू पूर्ण टळला नाही तरी हॉस्पिटलची पायरी बऱ्याचदा टळते. दर वर्षी, पावसाच्या आधी, आपल्याकडे फ्लू पावसातच जोर धरतो. शिवाय न्यूमोकॉकलची आणि परवडत असेल तर नागिणीची, या दोन त्यांच्या डॉक्टरना विचारा. सकाळी घ्या, बर्मिंगहॅममध्ये ६५ च्या वरच्या २७६ लोकांवर केलेल्या अभ्यासात सकाळी ९ ते ११ मध्ये टोचलेल्यांच्या फ्लूच्या तीनपैकी दोन स्ट्रेनच्या अँटीबॉडी दुपारवाल्यांपेक्षा जास्त आल्या. त्याने आजार कमी होतो असं सिद्ध नाही, पण फुकट आहे, आणि तसंही दुपारी गोव्यात कुठला दवाखाना उघडा असतो!

ताई, तुम्ही पुढच्या वेळी शुक्रवारी घ्या म्हणजे शनिवार-रविवार हातात राहील. आधीच पॅरासिटामॉल खाऊन जाऊ नका, बाळांवरच्या एका अभ्यासात अशा आगाऊ गोळीने अँटीबॉडी कमी आल्या होत्या, मोठ्यांचं तेवढं स्पष्ट नाही, पण ताप आल्यावर घेतलेली गोळी पुरते. सासरे चिडवायला लागले तर त्यांना अर्ध्या डोसचा तो प्रयोग सांगा. आणि घरातला जो सदस्य या चौघांत नव्हताच, म्हणजे तुमचे मिस्टर, चाळिशीचा पुरुष, दिवसभर दहा ठिकाणी फिरून संध्याकाळी वडिलांच्या शेजारी बसून जेवणारा, त्यांनी स्वतः लस का घेतली नाही ते जरा विचारून कळवा.